सीमा नवरीच्या पोटातला माणूस

पंचाहत्तरी गौरव अंकाच्या समितीने मला कळवलं की लेख ‘बापूंची शब्दकोड्यांतली कामगिरी’ या विषयावर असावा, घरगुती आठवणी शक्यतो टाळाव्यात. समितीचा पूर्ण मान राखून सांगतो, ते जमणार नाही. आदरणीय मधुकरबापूंची आणि माझी पहिली भेट झाली ती आमच्या निरगुडसरच्या घरात, माझ्या लग्नानंतर बाराव्या दिवशी. त्या वेळी माझे वडील त्यांच्यावर केस ठोकायच्या तयारीत होते.

बापू खोडदचे. वायरमन म्हणून त्यांनी या दोन तालुक्यांतले निम्मे खांब चढून काढले. निवृत्तीनंतर ते आमच्या भागातल्या एका साप्ताहिकाला गूढ शब्दकोडं देऊ लागले. साध्या कोड्यात सूत्र विचारेल ते सांगायचं असतं. गूढ कोड्यातलं सूत्र बोलतं एक आणि त्याच्या मनात असतं दुसरंच. बापू हे आपल्या धंद्याच्या भाषेत समजावतात: “सूत्राला दोन वायरी असत्यात. एका वायरीत शब्दाचा अर्थ, दुसरीत अक्षरांचा खेळ. फेज आन् न्यूट्रल दोनी जुळल्याबिगर बल्ब पेटत न्हाई.” त्यांचं आवडतं उदाहरण असं: ‘वाईट सवयीपुढे दगडाची सुरुवात, दुर्बिणींचं गाव (३)’. वाईट सवय म्हणजे खोड, दगडाची सुरुवात म्हणजे द, आणि कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. उत्तर खोडद, कारण मोठ्या रेडिओ दुर्बिणी तिथेच आहेत. या सूत्रावर खोडदकर आजही नाराज आहेत, पण ते त्यांचं ते बघतील.

मला मात्र तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. बी-बियाण्यांचं दुकान आणि नवीन लग्न, एवढाच माझा अभ्यास. बायको लोणीची, नाव सीमा. त्या रविवारी सकाळी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साप्ताहिकाचा फोटो आला. आडवे सातवर कुणीतरी लाल गोल केला होता. सूत्र होतं: ‘सीमा नवरीच्या पोटात माणूस (३)’.

माझ्या चुलतीने ते दोनदा वाचून घेतलं आणि कपाळावर हात मारला. “आगं बया! कंसात महिना बी लिवलाय!”

लग्न बारा दिवसांचं आणि कंसात तीन. दुपारपर्यंत सगळी आळी बोटं मोजत होती. सीमाला कुणी काही विचारलंच नाही. वडिलांनी जाहीर केलं, की खरंखोटं होईपर्यंत सूनबाईंना लोणीला पोचवा. ती आत जाऊन बॅग भरू लागली. मी काय केलं? मी दारात उभा राहून मोबाइलला चार्जर लावला. माझा तिच्यावर पूर्ण भरवसा होता, पण वडिलांपुढे तोंडातून शब्द फुटला नाही. याची मला आजही लाज वाटते.

वडिलांनी साप्ताहिकातून बापूंचा नंबर मिळवला आणि फोनवर त्यांना जे काही ऐकवलं, ते या अंकात छापण्याजोगं नाही. बापूंना लोकांनी सांगितलं, एकटे जाऊ नका. ते म्हणाले, “वायरिंग माजी हाये. शॉट बसला आसंल तर मीच उघडून बघनार.” तासाभरात ते आपल्या मोपेडवरून आमच्या दारात हजर झाले.

ओसरीवर सात-आठ पुरुष बसलेले. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही.

“आमच्या सुनंचं तुमाला काय ठावं?” वडिलांनी विचारलं.

“कोंची सून?” बापू खरोखरच गोंधळले. “आवो, सीमा म्हंजी निस्तं नाव घातलंय. बॉर्डर धरा की, राव.”

“आता बॉर्डरवर बी न्यायला निगाला व्हय तिला!”

बापूंनी फेज आणि न्यूट्रल समजावून बघितलं. त्यावर एक चुलते म्हणाले की लाइटबिलाचा विषय नंतर काढू. मग बापू कंटाळून खाली बसले. त्यांनी खिशातून खडू काढला आणि ओसरीच्या फरशीवर ठळक पाच अक्षरं लिहिली: सी मा न व री. चहाचे रिकामे दोन पेले मागवले. एक ‘सी’वर पालथा घातला, एक ‘री’वर.

“आता पोटात काय ऱ्हायलं ते वाचा.”

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कुणी चष्मा शोधला, कुणी खोकलं. आवाज आला तो आतल्या दारातून. बॅग हातात धरून सीमा उभी होती.

“मानव,” ती म्हणाली. “मानव म्हंजी मानूस. आन् कंसातलं तीन म्हंजी तीन अक्षरं. महिना न्हाई, आत्याबाई.”

चुलती जराशी हिरमुसली. “म्हंजी पोटात निस्तीच अक्षरं?”

वडिलांनी दोन्ही पेले उचलून आत दिले आणि म्हणाले, “च्या टाका.” आमच्या घरात माफीनामा एवढाच असतो.

बापूंनी चहाला हात लावला नाही. ते उठून सीमापुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. “पोरी, कोडं बरूबर हाये, पन चूक माजी हाये. नाव घातलं की ते कुनाचं तरी आसतंय, ह्ये माज्या ध्यानात याया पायजे व्हतं. आजपास्नं कोडं बंद.”

“बंद कशापायी?” सीमा म्हणाली. “छापायच्या आदी मला वाचून दावत जा. खोट मी काडते.”

बापू हसले. जाताना मोपेडला किक मारता मारता ते मला हळूच म्हणाले, “पावनं, तुमी का वो गप व्हता?” मी नुसता मोपेडला मागून धक्का दिला.

पुढच्या रविवारी मी सीमाला घेऊन खोडदला गेलो, तो आजवर जातोच आहे. सकाळची वंदना आटोपली की वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बापूंची शिकवणी भरते. बापूंचा संयम मी तिथे पाहिला. पहिल्याच दिवशी ‘नकार (२)’ या सोप्या सूत्राला मी मोठ्या रुबाबात ‘न्हाई’ लिहिलं. दोन चौकटी बरोबर भरल्या, पण उभे दोन्ही शब्द मेले. बापू रागावले नाहीत. म्हणाले, “घरी न्हाई म्हना, चौकटीत नाही लिवा. दोनी आपलंच हाये.” एकेकाळी त्या वस्तीत पाणीही न घेणारे माझे वडील आता आमच्याबरोबर येतात, आणि तिथल्या चहात साखर कमी पडली म्हणून हक्काने कुरकुर करतात. कोडं त्यांना अजून एकही सुटलेलं नाही.

सीमाने गेल्या नऊ वर्षांत बापूंचं एकही कोडं न तपासता छापू दिलेलं नाही. तिने खोट काढली की तालुक्यात नावाजलेले बापू मुकाट्याने सूत्र बदलतात. वयाने, अनुभवाने एवढे मोठे, पण तिच्याशी कधी आवाज चढवून बोललेले मी ऐकलेले नाहीत.

बापू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आज चारचौघांत छापून देतो. मी भ्यालो होतो. माझ्या बायकोसाठी मी उभं राहायला हवं होतं, तिथे तुम्ही, एक परका माणूस, उभे राहिलात. तिचा संसार टिकला तो तुमच्या खडूमुळे आणि तिच्या स्वतःच्या डोक्यामुळे. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

हे एवढं लिहून मी सीमाला वाचून दाखवलं. तिने कागद घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचला. मग म्हणाली, “बोलायला नऊ वर्सं लागली व्हय? आसू द्या. बोललात, बरं झालं.” डोळे पुसून तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि बापूंच्या पंचाहत्तरीसाठी आमच्या घरातर्फे एक सूत्र लिहून दिलं: ‘निरगुडसरच्या सुरुवातीपुढे आजारी माणूस, तरी तब्येत ठणठणीत (३)’.

निरगुडसरची सुरुवात नि, त्यापुढे रोगी. बापू, उत्तर तुम्ही स्वतः भरायचं आहे आणि शंभरी ओलांडेपर्यंत खोडायचं नाही, असं सीमाने बजावलं आहे. या वेळी मी तिच्या बाजूने उभा आहे.