हरकत असल्यास तीस दिवसांत

अलकनंदाबाईंनी केंद्र सरकारच्या एका ग्रंथालयात पस्तीस वर्षे काढली. तेवढ्या काळात त्यांच्या हातून एकच पुस्तक गहाळ झाले, आणि तेही सहा वर्षांनी चुकीच्या कपाटात सापडले. तेव्हापासून त्यांची खात्रीच होती की वस्तू हरवत नाहीत, कुणीतरी त्या भलतीकडे ठेवलेल्या असतात. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी पुस्तकांची धूळ झटकताना नवऱ्याची जाडजूड फ्रेंच डिक्शनरी शेल्फवर उलटी उभी दिसली, तेव्हा त्यांचा हात थांबला.

राघवराव दूध आणायला खाली गेले होते. बाईंनी डिक्शनरी काढली, तशी आतून एक घडी केलेला कागद पडला. मॉरिशसच्या सरकारी कचेरीचा शिक्का, गेल्या वर्षीच्या जुलैची तारीख. मजकूर इंग्रजीत आणि अगदी स्वच्छ होता: राघव भिवाजी, वय अडुसष्ट, यांच्या विवाहाची आमच्या दप्तरी नोंद नाही, ते अविवाहित आहेत.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला, होता तसा आत ठेवला, डिक्शनरी पुन्हा उलटी उभी केली आणि चहाचे आधण ठेवले. त्यांच्या लग्नाला अडतीस वर्षे झाली होती.

राघवराव मॉरिशसचे, आणि मॉरिशसचे असूनही मराठीच. त्यांचे पणजोबा भिवाजी कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले आणि तिथल्या कारकुनाने त्यांचे नावच आडनाव म्हणून लिहून टाकले. राघवराव दिल्लीत शिष्यवृत्तीवर शिकायला आले, फ्रेंच शिकवू लागले आणि इथेच राहिले. त्यांची मराठी आरत्यांतून आलेली. बोलताना मध्येच एखादा असा शब्द टाकत की अलकनंदाबाईंना आपली पणजी आठवे.

आता दिल्ली सोडायची वेळ आली होती. दोन हिवाळे तिथल्या धुराने राघवरावांची छाती कफाने भरत होती. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादला ते राहत; तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, "जाता येत असेल तर इथून जा." मॉरिशसला समुद्राजवळ वडिलांचे घर होते. खाली त्यांची विधवा वहिनी इंदुमती राहायची, वरच्या दोन खोल्या राघवरावांच्या. प्रश्न फक्त बाईंच्या परवान्याचा होता. भारतीय बाईला तिथे कायम राहायला दोन वाटा होत्या. एक, तिथल्या नागरिकाची बायको म्हणून. दुसरी, निवृत्त परदेशी माणूस म्हणून. त्यासाठी दर महिन्याला ठराविक रक्कम तिकडच्या बँकेत जायला हवी. पहिल्या वाटेला खर्च जवळपास नव्हता. दुसरीसाठी पेन्शन, फ्लॅटचे भाडे आणि ठेवींचे व्याज सगळेच लागणार होते.

तरी राघवराव महिनाभर दुसऱ्याच वाटेचा आग्रह धरून बसले होते. "तू तुझ्या नावाने ये, नंदा. माझ्या शेपटाला बांधून नको."

स्वतःच्या देशात बायकोला बायको म्हणून न्यायचे नाही, पेन्शनर म्हणून न्यायचे, हे बाईंना पहिल्या दिवसापासून खटकत होते. आता तर कागदच हाती आला होता. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला अविवाहित असल्याचा दाखला कशाला लागतो? लग्न करायला. याहून दुसरे उत्तर त्यांना सुचेना.

त्या नेहमीसारख्या नवऱ्यासमोर बसून जेवल्या, बातम्या ऐकल्या. फक्त ते आंघोळीला गेले की त्यांचा फोन टेबलावर कसा पडला आहे, तोंड वर की खाली, ते पाहू लागल्या. दर रविवारी सकाळी इंदुमतीचा फोन येई. राघवराव बाल्कनीत जाऊन बोलत आणि बाई जवळ आल्या की क्रिओल सुरू. मॉरिशसची ही घरगुती बोली बाईंना कधी आली नाही. ती मुलीला, शिवांगीला, येत होती, कारण लहानपणी तिच्या चार-पाच सुट्ट्या तिथे गेल्या होत्या.

शिवांगी मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होती आणि गुडगावला राहायची. बाईंनी तिला रविवारी नाश्त्याला बोलावले आणि दडपे पोहे पुढे ठेवून हळूच म्हणाल्या, "बाबा फोनवर बोलायला लागले की तू बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घाल."

"का?"

"आणि काय बोलतात ते मला सांग."

शिवांगीचा चमचा थांबला. "आई, ये क्या जासूसी है? बाबा आणि इंदुकाकी? सीरियसली? काकी सत्तर वर्षांची आहे, यार."

"वय मी विचारलेलं नाही."

फोन आला. शिवांगीने कुंड्यांना इतके पाणी घातले की ते खालच्या मजल्यावर गळायला लागले. आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काकी किती जोरात बोलते, बाबांच्या पाठीमागेही सगळं ऐकू आलं. म्हणत होती, तिला सांगून टाक. ती इथे आल्यावर मला तमाशा नको. बाबा म्हणाले, सांगतो, योग्य वेळ येऊ दे." मग तिनेच विचारले, "आई, काय आहे हे?"

"पोहे खा," बाई म्हणाल्या.

शिवांगी दुपारी गेल्यावर बाईंनी परवान्याचा कोरा अर्ज टेबलावर मांडला. त्यावर तो दाखला ठेवला आणि दाखल्यावर राघवरावांच्या चहाचा कप. राघवराव आले, बसले. त्यांनी कप उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"हे तुला कुठे सापडलं?"

"जिथे तुम्ही ठेवलंत तिथे. अहो, शब्दकोश उलटा ठेवणारा माणूस पस्तीस वर्षं ग्रंथपालाबरोबर राहिलेला वाटत नाही."

"अडतीस," राघवराव म्हणाले.

"तुमच्या सरकारला तसं वाटत नाही. कोण आहे ती?"

"कोण म्हणजे? तूच."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. अडतीस वर्षांपूर्वी लग्न झाले ते दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, मंगलाष्टके म्हणून, अक्षता टाकून. नोंदणी झालीच नाही. नवरा परदेशी असल्यामुळे नोंदणीसाठी दोघांची नावे कचेरीच्या बोर्डावर तीस दिवस लावावी लागणार होती, कुणाची हरकत आहे का ते पाहायला. अलकनंदाबाईंचे वडील, भाऊसाहेब, मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. धोब्याच्या चिठ्ठीच्यासुद्धा तीन प्रती काढणारा माणूस. पण या गोष्टीला त्यांनी साफ नकार दिला. "माझ्या मुलीचं नाव लिलावाच्या नोटिशीसारखं बोर्डावर लावायचं, आणि रस्त्यावरच्या लोकांच्या हरकती मागवायच्या? देवाब्राह्मणांसमोर लग्न झालंय. बास."

हे बाईंनाही आठवत होते. नंतर कुठेच अडले नाही. नोकरीत नवऱ्याचे नाव लावले, कुणी पुरावा मागितला नाही. पासपोर्टात नाव आले ते बाईंनीच लिहून दिलेल्या प्रतिज्ञापत्रावर. राघवरावांना इथे राहायचे कार्ड मिळाले ते भारतीय वंशाचे म्हणून, बायकोमुळे नव्हे. अडतीस वर्षांच्या संसाराला कुणाची सही नव्हती.

"गेल्या वर्षी तिकडे चौकशी केली तेव्हा कळलं," राघवराव म्हणाले. "बायको म्हणून परवाना हवा तर नोंदलेल्या लग्नाचा दाखला हवा. आणि इथे नोंदणी करायची तर मी तिकडे अविवाहित आहे असा कागद आधी पाहिजे. तो आणला."

"आणि वर्षभर शब्दकोशात ठेवला."

"भाऊसाहेबांना शब्द दिला होता, तुझं नाव बोर्डावर जाणार नाही म्हणून."

"भाऊसाहेब जाऊन सतरा वर्षं झाली."

राघवरावांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कुठल्या तोंडाने सांगू की कागदावर तू माझी कुणी नाहीस? शिवाय बायकोचा परवाना नवऱ्याबरोबर असतो. माझं बरंवाईट झालं तर तो परवानाही संपायचा. तुझ्या नावाचा असेल तर तुला कुणी उठवू शकत नाही. म्हणून म्हणत होतो."

बोलणे खरे वाटण्यासारखे होते, आणि म्हणूनच बाईंना ते पचले नाही. त्यांच्या ग्रंथालयात उशिरा पुस्तक आणणारे सगळे लोक खरीच कारणे सांगत. शिवाय एक गोष्ट उरत होतीच: बाईंनी निवृत्त माणसाचा परवाना घेतला तर लग्न नोंदवायची गरजच पडत नव्हती, आणि तिकडच्या दप्तरी राघवराव जन्मभर अविवाहित राहत होते.

सोमवारी त्या कुणाला न सांगता गाझियाबादच्या कचेरीत गेल्या. ई-रिक्षातून उतरल्या, वकिलांच्या टेबलांमधून वाट काढली आणि विवाह नोंदणीच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. आतल्या कारकुनाने मान वर केली.

"हां माताजी, बेटी की शादी है?"

"नहीं. मेरी."

कारकुनाने पेन खाली ठेवले. बाईंनी सगळी हकीकत क्रमाने सांगितली. त्याने ती मनापासून ऐकली आणि मधूनच शेजारच्यालाही ऐकायला बोलावले. परदेशी माणसाचा अविवाहित असल्याचा दाखला खरोखरच लागतो का, हे बाईंनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले. तिन्ही वेळा उत्तर एकच आले: लागतो, आणि तो सहा महिन्यांच्या आतला हवा. "आपका वाला तो एक्सपायर हो गया, माताजी. नया मंगवाइए." मग तो म्हणाला, "वैसे अड़तीस साल में अंकलजी भागे नहीं, तो अब क्या भागेंगे."

"छाती ठीक झाली की कळेल," बाई मराठीतच म्हणाल्या आणि अर्ज घेऊन निघाल्या.

घरी येऊन त्यांनी आपली अट सांगितली. आधी नोंदणी. नाव बोर्डावर जाईल, तीस दिवस राहील. तोवर कुठल्याही परवान्याच्या अर्जावर त्या सही करणार नाहीत.

"आणि भाऊसाहेब?" राघवरावांनी विचारले.

"त्यांची हरकत असेल तर तीस दिवसांत येऊन नोंदवू देत."

नवा दाखला इंदुमतीने कचेरीत खेटे घालून मिळवला आणि कुरिअरने पाठवला. पाकिटात व्हॅनिलाच्या चार शेंगा आणि मोडक्या मराठीत एक चिठ्ठी होती: "जाऊबाई, मी ह्यांस वर्षभर सांगते आहे. पुरुष भित्रे." बाईंनी पाकिटावरची तारीख तपासली, शिक्का उजेडाला धरून पाहिला, चिठ्ठी दोनदा वाचली. मग शेंगा साखरेच्या डब्यात टाकल्या. इंदुमतीबद्दलचा संशय त्यांनी त्या दिवशी मागे घेतला, निम्मा.

नोटीस लागली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बाहेरच्या भिंतीवर जाळीचे दार असलेला बोर्ड, आत वीस-पंचवीस कागद. पंचविशीतल्या मुलामुलींच्या फोटोंमध्ये या दोघांचे फोटो: राघवराव मफलर गुंडाळलेले, बाई चष्म्यातून समोरच्यावर नजर रोखून. खाली लिहिले होते, हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.

बाई दर सोमवारी आणि गुरुवारी तिथे जाऊ लागल्या. धुक्यात मेट्रोने यायचे, कागद जागेवर आहे ना पाहायचे, मग खिडकीशी जाऊन विचारायचे, कुणी काही दिले का? तिसऱ्या आठवड्यात एक पोरगी बोर्डाशी भेटली. तिचेही नाव लागले होते आणि घरचे लोक येऊन हरकत घेतील म्हणून ती रोज चक्कर मारत होती. तिने विचारले, "आंटी, आपको किसका डर है?"

बाईंनी राघवरावांच्या फोटोकडे बोट दाखवले. मुलीला आधी कळले नाही. कळल्यावर ती हसली आणि मग, बाई हसत नाहीत असे पाहून, थांबली.

तीस दिवस संपले. कारकून म्हणाला, "कोई आपत्ति नहीं आई." बाईंनी हरकतींची वही मागितली. नियमात बसत नाही म्हणत म्हणत त्याने ती उघडून दाखवली. त्यांच्या क्रमांकापुढचा रकाना कोरा होता. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिला.

सह्या झाल्या. साक्षीदारांच्या जागी शिवांगी आणि तिच्या दोन मैत्रिणी. शिवांगीने पेढे आणले होते. "आई, अभिनंदन. आता तू ऑफिशियली माझी आई आहेस का ते बघायला हवं." राघवरावांनी रुमालाने डोळे टिपले. ते हवेमुळे की कशामुळे, हे बाईंना त्यांच्याकडे बराच वेळ पाहूनही ठरवता आले नाही.

त्याच संध्याकाळी परवान्याचा अर्ज पुन्हा टेबलावर आला. राघवराव म्हणाले, "आता बायको म्हणूनच भर. दाखला आलाय. पैसेही वाचतील."

बाईंनी पेन उघडले आणि निवृत्त परदेशी माणसाच्या चौकोनात खूण केली.

"अगं, पण आता—"

"वैवाहिक स्थिती, विवाहित," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "पतीचे नाव, राघव भिवाजी. ते सगळं लिहिलंय. पण राहायला माझ्या नावाने येते."

"हेच तर मी म्हणत होतो."

"तुम्ही म्हणत होतात तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं."

राघवरावांनी मग लग्नाच्या दाखल्याची मूळ प्रत कुठे ठेवली, असे विचारले. बाई म्हणाल्या, ठेवली आहे जागेवर.

दुसऱ्या दिवशी धूळ झटकताना त्यांनी पाहिले की फ्रेंच डिक्शनरी शेल्फच्या कडेपासून दोन बोटे पुढे आली आहे, कुणीतरी रात्री चाळून परत ठेवल्यासारखी. त्यांनी ती सरळ मागे ढकलली. मूळ प्रत आदल्या दिवशीच शिवांगीच्या पर्समधून गुडगावला गेली होती.