बँकेतलं पहिलं कार्ड

“आकडा बायकोला बी सांगायचा न्हाई,” असं म्हणून अण्णा शर्टाच्या वरच्या खिशावर दोनदा थाप मारत. त्या खिशात कार्ड असे. आमच्या परळीच्या शाखेत आलेलं, चिप बसवलेलं पहिलं कार्ड. ते यंत्रात सरकवून गुप्त आकडा दाबला, की व्यापाऱ्याला टेलिफोनच्या तारेवरून घरबसल्या बँकेचे व्यवहार करता येणार होते.

“तीनदा आकडा चुकला की कार्ड सोताच बंद पडतंय. मग ब्रह्मदेव आला तरी उघडत न्हाई. लई पक्कं हाय!” हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं, की आम्ही कारकून त्यांनाच पाठीमागे ब्रह्मदेव म्हणू लागलो.

तुमच्याही कचेरीत असा एक असेल. जन्मभर कारकुनी करून पन्नाशीत संगणक शिकलेला. आमच्या कचेरीत ते अण्णा होते आणि ते आमच्या डोळ्यांत खुपत होते.

कार्डाचं प्रात्यक्षिक नीट झालं, तर अण्णांची औरंगाबादला बदली होणार होती. त्यांच्या मुलीला ऐकू येत नव्हतं आणि तिच्यासाठीची शाळा तिथे होती. आम्हाला हे ठाऊक होतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मोठे साहेब आले. सत्काराचं तबक धरायला अण्णांनाच बोलावलं. कुणाच्या हाती कार्ड न देणाऱ्या माणसाने ते माझ्या हाती दिलं. “शाल-नारळ देऊन आलोच. संभाळ बरं.”

भाषणं लांबली. शेजारचा कारकून म्हणाला, “घाल बे, बघू तरी.” पहिले दोन खोटे आकडे त्याने दाबले. तिसरा मी.

मग व्यापाऱ्यांसमोर अण्णांनी आकडा दाबला आणि पडद्यावर ‘कार्ड बंद’ एवढंच आलं. हशा पिकला. साहेब घड्याळ बघत उठले. अण्णा घामाने निथळले होते.

“कुणाला दिलं न्हाईस ना?”

“न्हाई, अण्णा.”

“मग सकाळी सराव केलता, तवा मीच चुकलो असंन.”

साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं. बदली दुसऱ्याची झाली. त्यानंतर त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वासच उडाला. कपाटाला कुलूप लावून ते चार-चारदा ओढून बघत. आम्ही त्यालाही हसलो.

स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा पहिला अर्ज त्यांचा होता. निरोपाला ते मुलीला घेऊन आले.

“त्या दिशी समदे हसले,” ते मला म्हणाले. “तू तेवढा हसला न्हाईस. हिला खुणेनं समदं सांगितलंय म्या.”

मी भीतीने गप्प होतो, एवढंच. पोरीने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.