चतुराबाईचा कोरा चौकोन

खापरवाडीत कोणाकडे लग्न निघालं की आधी तिथी ठरायची आणि लगोलग चतुराबाई ठरायची. मांडवाखालचं अंगण सारवावं तर तिनंच. तिच्या सारवणावर साखर सांडली तर उचलून खावी, असं लोक म्हणत आणि खरोखर खातही. बोरीहून आत वळलं की बैलगाडीच्या वाटेवरची ही एवढीशी वाडी. तिथं माणसाला नाव मिळवायला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते चतुराबाईच्या हातात होतं.

त्या उन्हाळ्यात मात्र लग्नांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. दिनकररावांच्या माळावर कारखाना होणार, अशी बातमी आली होती. दिनकरराव म्हणजे वाडीतले मोठे जमीनदार. त्यांचा माळ असा खडकाळ की शेरडंसुद्धा तिथं नाइलाजानं चरायची. कारखाना कशाचा, ते दिनकररावांनाही धड सांगता येत नव्हतं. "लय मोठा हाय," एवढंच ते सांगत आणि मिशीवरून हात फिरवत. कारखान्याची वीट रचली नव्हती, तरी वाडीतली निम्मी तरणी पोरं मनानं कधीच ड्युटीवर हजर झाली होती. कोणाला दिवसपाळी हवी होती, कोणाला रातपाळी, आणि त्यावरून पारावर भांडणं होत होती!

चतुराबाईचा लेक भुजंग त्या पोरांतलाच. परभणीच्या आयटीआयमधून फिटर होऊन आलेला. पुण्याच्या एका वर्कशॉपात त्याच्या चुलतभावानं शब्द टाकून ठेवला होता आणि खाटेखाली भुजंगची पत्र्याची पेटी भरून तयार होती. त्यानं आईला सरळ सांगून टाकलं होतं.

"माय, कारखान्याला जागेची परवानगी भेटली तर ऱ्हातो. न्हाई भेटली तर मी चाललो बघ पुण्याला."

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक भागुबाई जिंतूरकडे दिलेली. भुजंग गेला तर घरात उरणार ती आणि कपिली गाय. त्यामुळे परवानगी मिळावी म्हणून चतुराबाई जेवढी आतुर होती, तेवढे दिनकररावही नसतील. सकाळी चूल पेटवताना ती जाळालाच विचारायची, "भेटंल का रं?"

अशात एक दिवस मोजणीचा माणूस आला. चतुराबाईचं शेत माळाला लागूनच, उताराच्या अंगाला. त्यानं शेताच्या कोपऱ्यात चार खुंट्या ठोकून चौकोन आखला आणि सांगितलं, "परवानगीच्या आधी मुंबईचे साहेब येणार आहेत, ते इथली माती बघतील. तुमच्या विहिरीचं पाणी नि गाईचं दूधही लागेल."

झालं! मुंबईचा साहेब येणार, तोही तिच्या शेतात, तिचीच माती बघायला. चतुराबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. साहेब यायच्या दिवशी दिवस उगवायच्या आत शेजारच्या सरजाबाईला हाताशी धरून ती शेतात पोचली. चौकोनातला कचरा वेचला, ढेकळं फोडली, शेणाचा सडा घातला, वर असं सारवण केलं की दिनकररावांच्या थोरलीच्या लग्नातही तसं झालं नसेल. मधोमध रांगोळीचं कमळ काढलं. खुंट्यांना हळदकुंकू लावलं. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून तांब्यात भरलं, वासाला त्यात वाळा टाकला. आणि दूध! पाहुण्याला कच्चं दूध कुणी देतं का? तिनं ते आटवलं, सढळ हातानं साखर घातली, सणासाठी राखून ठेवलेली वेलची कुटून घातली.

त्या दिवशी परभणीत विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता. त्यात अडकलेली साहेबांची जीप दुपार कलल्यावर पोचली. साहेब वयानं पोक्त, डोक्याला कापडी टोपी, हातात काचेच्या बाटल्यांची पेटी. परवानगी देणाऱ्या मंडळाचे ते तपासणी अधिकारी. ते चौकोनापाशी आले, कमळाकडे बघत राहिले. मग दुधाचा घोट घेतला आणि मटकन बांधावर बसले.

"मावशी, हे तुम्ही केलंत?"

"व्हय साहेब," चतुराबाई फुलून म्हणाली, "अजून काई ऱ्हायलं का?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण माणूस भला. ओरडले नाहीत. ग्लास मात्र पूर्ण रिकामा केला आणि मगच बोलायला लागले. वाडी भोवती गोळा झाली होती.

"दूध घुसळून लोणी काढून घेतलं की मागं काय राहतं?"

"ताक," सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या.

"युरेनियम नावाच्या धातूचंही तसंच आहे. अणुभट्टीला लागतो तो कस काढून घेतला की जो माल मागं उरतो, त्याचं काम या कारखान्यात होणार. तो शिशाहूनही जड असतो. कॅन्सरच्या दवाखान्यात शेक देतात ना, त्या मशिनीतले किरण बाहेर सांडू नयेत म्हणून त्याची जाड भिंत लावतात. पण ताक म्हटलं म्हणून पिण्याजोगं नाही. त्याची धूळ नाकात जाता कामा नये, पोटात जाता कामा नये, विहिरीत उतरता कामा नये. म्हणून परवानगी एकदम मिळत नाही. आधी जागेची, मग बांधायची, मग चालू करायची. आणि जागेची देण्याआधी आम्ही बघतो, की इथली माती, पाणी, दूध आज जसं आहे तसं कसं आहे."

"तसंच तर हाय," दिनकरराव घाईनं म्हणाले. "निस्तं शेण हाय वरून. घ्या की तुमी."

"उद्या कारखान्यातून काही सांडलं," साहेब चतुराबाईकडेच बघत म्हणाले, "आणि तुम्ही तक्रार केली, तर कारखाना म्हणेल, हे आमचं नव्हेच, मातीत आधीपासून होतं. तेव्हा खरं कोण सांगणार? माझ्या बाटलीतली आजची माती. तीच तुमची साक्षीदार. साक्षीदाराला असं नटवलंत, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

चतुराबाईचा चेहरा पडला. अंधारात उठून तिनं ते कमळ काढलं होतं. पण बोलणं तिच्या काळजात नीट उतरलं. साहेबांनी शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवा चौकोन आखला. पावसाळा संपून पिकं उभी राहिली की मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या, म्हणजे येळवशीच्या, दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणाले. "तोवर इथं काही करायचं नाही मावशी. नांगर नाही, खत नाही, सडा नाही. बाकी शेत तुमच्या रीतीनं चाललं तसं चालू द्या, पण माझ्यासाठी म्हणून काही करू नका."

आता ज्या बाईचे हात जन्मभर सारवत आले, तिला काही करू नको म्हणणं म्हणजे शिक्षाच. पण तिनं ती डोळ्यांत तेल घालून भोगली. शेरडं हाकली, कोंबड्या हाकल्या, पाऊलवाट सोडून आत येणाऱ्या दिनकररावांनासुद्धा हाकललं. आषाढात चौकोनात तण माजलं, तेव्हा उपटायला तिची बोटं शिवशिवायला लागली. तिनं हात पदरात गुंडाळून घेतले. वाडीला चेष्टेला विषयच मिळाला. "चतुराबाईनं मातीला सोवळ्यात बसवलंय," सरजाबाई सांगत सुटली. भुजंगचा धीर मात्र सुटत चालला होता. पुण्याहून भावाचा निरोप आला होता की दिवाळीनंतर जागा फार दिवस राहणार नाही. दिवाळी गेली. "येळवशीपस्तोर थांब रं," चतुराबाई म्हणाली, आणि तो थांबला.

येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्या परभणीकडचा शिवारातला सण. त्या दिवशी गावात कुत्रं दिसत नाही, सगळा गाव रानात. ज्वारीच्या कडब्याची खोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, मडकंभर आंबील! ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली ती आंबील प्यायची आणि शेतालाही पाजायची. मडकं घेऊन पिकाभोवती फिरायचं, डहाळीनं आंबील शिंपडायची, तोंडानं घोष करायचा. शाळू छातीला लागत होता, हरभऱ्याला घाटे धरले होते. भुजंगचे दोस्त आले, भागुबाई माहेरी आली, हसण्या-खिदळण्यानं रान दणाणून गेलं. उद्या साहेब येणार, चौकोन कोरा आहे, परवानगी आता मिळालीच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

भुजंगनं मडकं उचललं आणि पळायलाच लागला. मागं दोस्तांचा घोष, पुढं भुजंग, हातातली डहाळी भिरभिरतेय. लहानपणापासून तो त्याच वाटेनं फिरत आला होता. पाय आपोआप वळले. चतुराबाई "भुजंगा, थांब!" असं ओरडेपर्यंत त्यानं चौकोनावरून डहाळी फिरवली होती. पांढरे शिंतोडे मातीत जिरताना तिनं डोळ्यांनी पाहिले.

दोस्त घोष करत पुढं निघून गेले. मायलेक दोघंच चौकोनापाशी उभे राहिले. भुजंगचं तोंड पांढरंफटक पडलं.

"कुणी पायलं न्हाई माय," तो हळूच म्हणाला. "वरची माती खरडून टाकू. दोन पाट्या माती बांधाकडची आणून पसरू. साहेबाला काय कळायलंय?"

चतुराबाईनं त्याच्या हातातलं मडकं काढून घेतलं. ती घरी आली, कपिलीची धार काढली, भाकरी थापली. सांगावं तर तपासणी पुन्हा पुढच्या सालावर, आणि पोरगा पेटी उचलून चालता होणार. न सांगावं तर बाटलीत खोटा साक्षीदार बसणार, आणि उद्या विहिरीत काही उतरलं तर तो खोटंच बोलणार. तिला राग आला. साहेबाचा, आंबिलीचा, त्या मेल्या चार खुंट्यांचा. पोराचा येईना.

सकाळी जीप आली. साहेब बाटली उघडून चौकोनाकडे वाकले आणि चतुराबाई आडवी आली.

"साहेब, नगा घेऊ. काल येळवस झाली. ह्याच्यावर आंबील पडलीय."

दिनकररावांनी डोळे वटारले. "बाई, येडी झालीस का?" भुजंगनं मान खाली घातली आणि तो तसाच घराकडे वळला. पेटी आणायलाच असणार. चतुराबाईला ते कळलं, पण ती जागची हलली नाही.

साहेब सरळ उभे राहिले. "आंबील? माझ्यासाठी शिंपडली?"

"तुमच्यासाठी कामून? शेताला पाजायची असती. वरसाला. माज्या सासूपासून, तिच्या सासूपासून."

"ह्याच कोपऱ्यात?"

"सगळ्या रानात. सगळी वाडी."

आणि साहेब खदखदून हसायला लागले. हसता हसता त्यांची टोपी पडली.

"मावशी, मग ही तर इथली मातीच झाली! दरवर्षी पडते ती आंबील इथल्या मातीचा भागच आहे. नांगर-खत थांबवलं ते फक्त माती खालीवर होऊ नये म्हणून. उन्हाळ्यातला सडा माझ्यासाठी होता, म्हणून तो चालला नाही. उलट काल माझ्या भीतीनं हा कोपरा कोरडा ठेवला असतात, तरच माझा नमुना चुकला असता. फक्त तुम्ही सांगितलं नसतं, तर ह्यातला आंबटपणा आला कुठून, म्हणून मी हा चौकोनच बाद केला असता."

चतुराबाईला निम्मं कळलं, पण जे कळलं ते पुरेसं होतं. ती पदर खोचून घराकडे पळत सुटली. त्या वयात! सरजाबाई सांगते की तिनं वाटेतली दोन कुंपणं ओलांडली. ते खरं असेल किंवा नसेल. भुजंग पेटी घेऊन उंबऱ्यातच उभा होता. तिनं पेटीची कडी धरली आणि धापा टाकत म्हणाली, "ठेव ती. साहेब माती भरायलाय."

चैतात जागेची परवानगी आली. वाडीनं फटाके उडवले, दिनकररावांनी पेढे वाटले, हलगी वाजली आणि चतुराबाई हलगीपुढं नाचली, हे मात्र अख्ख्या गावानं पाहिलं. अजून बांधायची परवानगी बाकी होती, चालू करायची बाकी होती. पण तोवर दर महिन्याला माती, पाणी, दूध गोळा करून नोंद करायला एक माणूस लागणार होता. कारखान्याच्या लोकांनी भुजंगला ठेवून घेतलं.

पहिल्या महिन्याला भुजंग पहिलं दूध घ्यायला आपल्याच दारात आला. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, हातात बाटली. चतुराबाईला इतका आनंद झाला की हात आपोआप साखरेच्या डब्याकडे गेला. मग तिनंच तो मागं घेतला आणि कच्चं, कोमट दूध बाटलीत ओतलं.

"काल कपिलीला नवी सरकी घातलीय," ती म्हणाली. "लिव्ह."

भुजंग हसला, लिहिलं. पिशवी उचलून तो निघाला, तशी तिनं पुन्हा हाक मारली.

"भुजंगा, उद्या कारखाना चालू झाला, अन काई सांडलं, अन तुजा साहेब म्हणला लिवू नगं, तरी लिवायचं."

"अन नोकरी गेली मंग?"

चतुराबाईनं खाटेखाली बोट दाखवलं. पत्र्याची पेटी तिथंच होती. तिनं ती रिकामी केलीच नव्हती.

"मंग जा पुण्याला," ती म्हणाली.