नकाशातला राखाडी माळ

दिवाळीच्या सुट्टीत मी शिरूर अनंतपाळला निघाले, तेव्हा नवऱ्याने विचारलं, तिथे बघायला काय आहे? मी म्हटलं, एक राखाडी डाग.

मी नांदेडला कॉलेजात भूगोल शिकवते आणि उपग्रहाच्या चित्रांवरून शिवारं कशी बदलत गेली याचे नकाशे करते. शिरूरजवळच्या एका गावाने नकाशा मागितला होता. पडीक जमिनीचं काय करायचं, ते ग्रामसभेत ठरणार होतं. माझ्या नकाशात गावाबाहेर मोठा राखाडी पट्टा होता. राखाडी म्हणजे पडीक. देण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं, असं वाटलं.

जाणार असाल तर सकाळची लातूर एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट आहे. अहमदपूरला चुरमुऱ्यांची गरम सुशीला खाऊन घ्या. चाकूरहून नळेगावमार्गे जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. माझा तास तिथेच गेला.

पट्ट्यावर पोचले तर कमरेएवढं गवत! सलवार कुसळांनी भरली. बाजूलाच महादप्पा नावाचे शेतकरी गाई चारत होते. कपाळावर भस्म, हातात विळा. मी मोबाईलवर नकाशा दाखवला. त्यांनी राखाडी रंगावर बोट ठेवून हा कशाचा, असं विचारलं.

"पडीक," मी म्हटलं.

त्यांनी विळ्याने चरणाऱ्या गाईंकडे दाखवलं. "मॅडम, गावची समदी जनावरं ह्याच्यावरच जगून राहिलीत. पडीक कसं म्हणता? फोटू उन्हाळ्यातला असंल."

होता उन्हाळ्यातलाच. ढग नसतात म्हणून मी कायम मे महिन्याची चित्रं घेत आले. मग त्यांनीच मारवेल, पवन्या, कुसळी अशी गवतं ओळखायला शिकवली आणि बांधावर बसवून ज्वारीची भाकरी खाऊ घातली.

घरी येऊन पावसाळ्यानंतरची जुनी चित्रं काढली. दरवर्षी माळ हिरवा होत होता, मग हळूहळू पिवळा. मी 'कुरण' असा नवा रंग केला आणि का बदलला तेही नकाशाखाली लिहिलं. ग्रामसभेने माळ चराईसाठीच ठेवला. हे महादप्पांनी फोन करून सांगितलं आणि गवत कापायच्या आत परत या म्हणाले.

उमरी तालुक्याच्या नकाशातही असेच राखाडी डाग आहेत. तो नकाशा मी अजून कुणाला दिलेला नाही.