शेळ्यांचा तिसरा रूळ

आमच्या साडभाऊंइतकं रेल्वेचं वेड असलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि हा माणूस राहतो कुठं, तर अंबाजोगाईत, जिथं रेल्वे येतच नाही. त्यांचे वडील परळीकडच्या एका लहानशा स्टेशनावर खलाशी, म्हणजे रेल्वेचे हरकामे मजूर होते. ते स्टेशन साडभाऊंच्या लहानपणी जसं होतं तसंच्या तसं, रिटायर झाल्यापासून ते घरातल्या दिवाणावर उभं करताहेत. पाहुण्यांनी खाली सतरंजीवर झोपायचं. डबे काडेपेट्यांचे आणि रूळ छत्रीच्या काड्यांचे. त्यामुळं त्यांच्याकडं जाताना आम्ही खुशाल भिजतो, पण छत्री नेत नाही.

बरं, नुसतं मांडून भागत नाही. कोणता रूळ (साडभाऊंच्या भाषेत रूळ म्हणजे जोडीची अख्खी लाइन) कुठून फुटत होता, सांधा सिग्नलच्या अलीकडं होता की पलीकडं, याची चौकशी वर्षानुवर्षं चाललेली. जुना नकाशा कुठं मिळेना, म्हणून म्हातारी माणसं गाठायची. धारूरच्या एका लग्नात पंगतीला शेजारी एक रिटायर गँगमन निघाला. झालं. साडभाऊंनी त्याच्या पत्रावळीवर भाताचा प्लॅटफॉर्म रचला आणि त्याला चटणीनं रूळ ओढायला लावले. तेवढ्यात वाढप्यानं वरण ओतलं आणि सगळं यार्ड वाहून गेलं. साडभाऊ त्या वाढप्यावर असे खवळले, की नवरदेवाच्या मामांना वाटलं, मानपानात काहीतरी चुकलं.

एवढ्या लोकांचं ऐकणाऱ्या या माणसानं एकाचं मात्र ऐकलं नाही, ते म्हणजे त्यांच्या बालमित्राचं. हे गृहस्थ धर्मापुरीचे, जन्मभर शेळ्या राखलेले. लहानपणी स्टेशनापलीकडच्या माळावर त्यांचा कळप असायचा. एकदा ते दिवाणापाशी येऊन म्हणाले, "दोनच रूळ कामून? तीन होते बे. माळाकडं जाताना माझ्या शेळ्या तीनदा अडायच्या."

साडभाऊ म्हणाले, "शेळ्या मोजायला कवा शिकल्या?"

मित्रानं चहाची बशी तशीच खाली ठेवली. "शेळ्या न्हाई शिकल्या, मी बी न्हाई शिकलो. शिकलेला तूच." आणि गेले. चार वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. साडभाऊंना मित्र असा तो एकच. पण हट्ट म्हणजे हट्ट. दाराची कडी वाजली की मान मात्र पटकन वर व्हायची, हे मी स्वतः पाहिलंय.

मग एके दिवशी दुसऱ्या रुळावर मालगाडीचे डबे मांडताना त्यांच्या चष्म्याचा स्क्रू पडला. तो शोधायला ते खाली बसले आणि उठताना हनुवटी दिवाणाच्या कडेला टेकली. तसेच थांबले. मला म्हणाले, "इथं ये. वाक. डब्यांच्या मागं काय हाय, दिसतंय का?"

मी म्हटलं, "काहीच नाही दिसत, भाऊ."

"लहानपणी मला बी कवाच न्हाई दिसलं." ते खालीच बसून राहिले. "तिथं मालगाडी सदा उभीच असायची. अन् बाबा म्हणायचे, प्लॅटफॉर्मच्या खाली उतरलास तर तंगडी मोडीन. मी कवा उतरलोच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही धर्मापुरीला गेलो. मित्र अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू. साडभाऊंनी उभ्याउभ्याच सांगितलं, "तीनच होते बे. चुकलं माझं."

मित्रानं बाजेवर सरकून जागा केली. मग म्हणाले, "तीन मोजायला चार वर्सं लागली व्हय?" आणि घरात तोंड करून चहा टाकायला सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला.

तिसरा रूळ बसला तेव्हा साडभाऊ मित्राला स्वतः घेऊन आले. दिवाण भिंतीपासून ओढून माळाच्या बाजूला खुर्ची टाकली. म्हाताऱ्यानं बोटांनी एकेक रूळ चाचपला, तीन मोजले आणि विचारलं, "शेळ्या कुठं हायत?"

साडभाऊंनी सिग्नलच्या दिव्यापर्यंत सगळं केलं होतं, पण शेळ्या राहून गेल्या होत्या. मग मित्रानंच पुढच्या खेपेला येताना मातीच्या अकरा शेळ्या करून आणल्या. त्यातली एक लंगडी होती. खऱ्या कळपातही तशी एक होती म्हणे.

मागच्या वर्षी मित्र गेले. खुर्ची अजून माळाच्या बाजूलाच आहे आणि त्या खोलीत वावरताना आम्ही सगळे अंग चोरून जातो. परवा मी सहज म्हटलं, "भाऊ, एकदा तिसऱ्या रुळावरून गाडी न्या की." साडभाऊंनी इंजिनावर हात ठेवला, पण ढकललं नाही. दहा शेळ्या रूळ ओलांडून माळाकडं उभ्या होत्या, एक अलीकडंच.

"थांब जरा," म्हणाले, "लंगडी मागं राहिलीय त्याची."