खंडेनवमीला घासलेलं रिव्हॉल्व्हर

मी सुतार माणूस. कुवेतमधल्या सुलैबियात आमचं वर्कशॉप आहे. लाकडातलं काहीही विचारा, सांगेन. लोखंडात नाक खुपसायचं नसतं हे मात्र मला फार उशिरा कळलं.

फिंतासच्या एका म्हाताऱ्या कुवेती शेठनी सागवानी पेटी सांगितली होती. वडिलांनी हौसेनं जमवलेली सहा जुनी रिव्हॉल्व्हरं त्यांच्याकडं होती आणि प्रत्येकाला मखमलीची वेगळी खाच हवी होती. परवाना, कपाट, किल्ली सगळं शेठांकडं. मापं घ्यायची तीही त्यांच्याच बैठकीत. मी गेलो तो दिवस नेमका खंडेनवमीचा. पहाटे खोलीवर पटाशा, करवती, रंधे घासूनपुसून पूजेला मांडले आणि फक्त टेप-पेन्सिल घेऊन निघालो. पॉलिशपेपरचा तुकडा तेवढा खिशात राहिला होता. आमच्या गावात त्या दिवशी लोखंड मळकं ठेवत नाहीत.

दुपारी शेठ आतल्या खोलीत नमाजाला गेले. पाच रिव्हॉल्व्हरं बरी दिसत होती. सहावं मात्र काळपट, डागाळलेलं. एवढं मोठं घर आणि हे ध्यान! माझे हात शिवशिवायला लागले. पंधरा मिनिटांत नळी लख्ख केली आणि मनातल्या मनात नमस्कारही केला. शेठ आले, एकदा बघितलं, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. खूश झाले असतील असं मी धरून चाललो.

परतताना गाडीत, मला न्यायला आलेल्या फोरमनसमोर फुशारकी मारली. ते रत्नागिरीकडचे, मी त्यांना भाई म्हणतो. त्यांनी गाडी कडेलाच घेतली.

"अरे शहाण्या, जुन्या हत्याराची किंमत त्या काळपट थराला असते. तो गेला की परत येत नाही. आणि पुढच्या आठवड्यात किंमत ठरवणारा माणूस येतोय तिथं."

नोकरी जाणार, अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द होणार, लेकीचं कॉलेज नुकतंच सुरू झालंय. कुणी सांगितले होते हे नसते उद्योग? आठ दिवस मी पेटी करत होतो आणि स्वतःला शिव्या देत होतो.

पेटी पोचवायला भाई आणि मी गेलो, तर बैठकीत शेठांचा धाकटा भाऊ आणि तो किंमत ठरवणारा बसलेले. भिंग लावून त्यानं एकेक तपासलं. सहावं हातात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. सगळ्यात मौल्यवान हेच होतं, म्हणाला, पण कुणीतरी घासलंय, आता बाजारात याला कुणी विचारणार नाही.

भाईंनी ते माझ्या कानात मराठीत सांगितलं. मी उठून उभा राहिलो. "भाई, सांगा त्यांना, मी घासलं. शेठांना काही माहीत नव्हतं."

धाकट्यानं माझ्याकडं ढेकूण बघावा तसं बघितलं. मग आपल्या वाटणीची म्हणून त्यानं दुसरी तीन उचलली, ते चकचकीत भावासमोर सरकवलं आणि किंमत ठरवणाऱ्याला घेऊन निघून गेला.

दार लागलं. आता मला हाकलतील म्हणून मी खाली मान घालून उभा. शेठ हळूहळू बोलायला लागले, भाई मला सांगत गेले. वडील उशाशी ठेवायचे ते हेच. वाटणीत धाकट्याला हेच हवं होतं, लगेच परदेशात विकायला. "तू घासलंस ते मी आल्याआल्याच पाहिलं. खूप राग आला. मग वाटलं, आता हे कदाचित माझ्याकडं राहील. तेवढ्याच आशेवर आठ दिवस काढले."

माझा जीव भांड्यात पडला. शेठांनी ते चकचकीत रिव्हॉल्व्हर उचललं आणि नव्या पेटीतल्या त्याच्या खाचेत ठेवलं. आणि मी आपला समजत होतो, त्या आठ दिवसांत झोप फक्त माझीच उडाली होती.