शोभाचा सकाळचा आकडा

त्या गुरुवारी सकाळी शोभाचा आकडा आला नाही. मी चहा ठेवला, गाळला, प्यायले, हिंजवडीच्या बससाठी डबा भरला, तरी फोनवर काही नाही. खरं सांगते, मला काळजी वाटली नाही, रागच आला. इतक्या वर्षांत बाळंतपणातसुद्धा हिने खाडा केला नव्हता आणि आज बाईसाहेब झोपल्यात! "वाघोलीत अजून उजाडलं नाही वाटतं," असा खवचट मेसेज मी पाठवून दिला. पाऊण तासाने तिच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होता तिचा नवरा, विलास. "ताई... शोभा उठतच नाहीये." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. माझा तो खवचट मेसेज तिच्या फोनमध्ये अजून न वाचलेलाच आहे.

आकडा म्हणजे नाडीचा. सकाळी जाग आली की अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी, कुणाशी एक शब्द बोलण्याआधी, मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजायचे, ही लांब पल्ल्याच्या धावपटूंची जुनी सवय. ठोके जितके कमी तितकं हृदय दमदार. एखाद्या दिवशी पाच-सहा वाढले तर समजायचं की अंग थकलंय, आज जोर करायचा नाही. आम्ही दोघी दहा हजार मीटर पळायचो. पळणं सुटून एक जमाना झाला, मोजणं मात्र सुटलं नाही. रोज सकाळी मी तिला माझा आकडा कळवायचा, तिने मला तिचा.

शोभा वर्ध्याजवळच्या एका खेड्यातून पुण्यात आली तेव्हा मी नुकतीच कॉलेजात गेले होते. मैदानावरच्या आमच्या सरांनी तिला नारायण पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडी आणून उभी केली, एका हंगामापुरती ठेवून घ्या म्हणाले. बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पळायला इतक्या लांब कशाला आलीस? तुमच्याकडे रस्ते नाहीत का?" दुसरी एखादी रडली असती. शोभा म्हणाली, "आहेत ना काका. पण पोरगी पळाली का लोक विचारते, कोण मागं लागलं म्हणून." बाबा हसले. बाबा हसले, ही आमच्या घरात कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखी गोष्ट होती. एका हंगामासाठी आलेली मुलगी मग लग्न होईपर्यंत राहिली. एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर. बुधवार पेठेतून आम्ही दोघींत मिळून एक बटणाचं डिजिटल घड्याळ आणलं. एक दिवस तिच्या हातात, एक दिवस माझ्या. पेठेत तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासेसच्या पाट्या लागत होत्या आणि बाबा मला रोज ऐकवायचे, "पळून पळून पोचणार कुठे? परत मैदानावरच ना? त्यापेक्षा ते शिक." पुढे मी ते शिकलेच. पण त्या वर्षांत मला फक्त शोभाच्या पुढे पळायचं होतं, आणि तिला माझ्या.

सर वाईट माणूस नव्हते. असते तर किती सोपं झालं असतं! माझा पाय मुरगळला तेव्हा मला पाठुंगळी घेऊन त्यांनी तीन जिने उतरवलं होतं. पण एकदा परदेशातल्या एका शर्यतीत पुढच्या बायकांनी आम्हा दोघींना अख्खा एक फेरा मागे टाकलं. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्यांच्या सायकलला एक थर्मास लटकू लागला. त्यात बर्फ, बर्फात इवल्याशा काचेच्या कुप्या. "रक्त वाढवायचंय तुमचं. लोहासारखंच समजा," म्हणाले आणि दंडात सुई दिली. घरी येताना शोभाने मला विचारलं, "लोहाले बर्फ कशाला लागते वं?" मी विज्ञान शाखेची. लोहाला बर्फ लागत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. "नवीन प्रकारचं असेल," मी म्हटलं. तिने मान डोलावली. पुणेरी मैत्रीण शिकलेली, तिला कळत असणार! एवढ्या एका वाक्यासाठी मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

आम्ही पळायला लागलो... काय सांगू! चढ संपायचा तरी छातीत हवा शिल्लक असायची. वर्षभरात पदकं आली, पेपरात फोटो आले. आणि मग कानावर आलं की हे किडनीच्या आजाऱ्यांचं औषध आहे, धडधाकट माणसाने घेतलं तर रक्त घट्ट होतं, आणि कुणीतरी धावपटू झोपेतच गेला. कोण, कुठला, काही कळलं नाही. न कळण्यानेच भीती वाढत गेली. आम्ही शेजारी शेजारी निजायचो आणि जिला आधी जाग येईल तिने दुसरीचं मनगट धरायचं, असं ठरवलं. ठोके लागले की हायसं वाटायचं. मग आकडा सांगायचा. आमचा रोजचा आकडा सुरू झाला तो असा. चांगल्या खेळाडूची शिस्त वगैरे काही नव्हतं त्यात. दोन घाबरलेल्या मुली होत्या.

एका मोठ्या शर्यतीनंतर तपासणीसाठी आम्हा दोघींचीही नावं निघाली. छोटी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर रिकाम्या बाटल्या. तिथल्या बाईंनी अगदी मायेने विचारलं, "मागच्या आठवड्यात काही गोळ्या, इंजेक्शन वगैरे घेतलंत का?" मी म्हटलं, "नाही." शोभाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तीही म्हणाली, "नाही." मग तीन तास आम्हाला लघवीच होईना. अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं आणि उरलेलं भीतीने आटलेलं. बाई पाणी पाजतायत, आम्ही पितोय, एकमेकींकडे बघायची हिंमत नाही. निकालात काहीच निघालं नाही. ते औषध तेव्हा सापडत नसे असं सर म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे. पण पुढे कित्येक महिने पोस्टमनची सायकल वाजली की आधी दार गाठायला दोघी धावायचो.

नंतर आयुष्यभर आम्ही एकाच गोष्टीवर भांडलो. पेपरात कुठला धावपटू पकडला गेल्याची बातमी आली की शोभाचा फोन ठरलेला. मला ती पुणेरीच म्हणायची. "पाहिलं? सगळेच घेते, पुणेरी. दहातले नऊ." मी म्हणायची, "काहीतरीच तुझं. दहात एखादा." "अन् त्या एकात नेमक्या आपणच दोघी काय वं?" ते नऊ आणि एक आम्ही कुठून आणले होते, तर हवेतून. जाणकार म्हणवणाऱ्यांतही यावर एकमत झालेलं मी पाहिलं नाही. जो पकडला जात नाही त्याला मोजणार कोण? पण आमचं भांडण त्या आकड्यांचं नव्हतंच. सगळेच घेत असतील तर आम्ही कुणाचं काही चोरलं नाही, म्हणून तिला नऊ हवे होते. मला मात्र साताऱ्याकडची एक मुलगी आठवायची. आमच्या मागे ती सतत तिसरी-चौथी यायची आणि मग एक दिवस मैदानावर यायचीच बंद झाली. तिच्या सरांकडे थर्मास नव्हता. ती त्या उरलेल्या, न घेणाऱ्या एकात असेल तर तिचं आम्ही काय केलं... हे मी शोभाला कधी बोलून दाखवलं नाही.

शोभा लग्न होऊन वाघोलीला गेली. तेव्हा बाबांच्या मते वाघोली म्हणजे परमुलूखच! सकाळचा आकडा आधी फोनवर, मग एसएमएसवर, मग व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला. त्यातली भीती कधी गळून पडली आणि फुशारकी कधी आली, आम्हालाही कळलं नाही. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हाच माझा धंदा. खुर्चीत बसून बसून मी बासष्टवर पोचले होते आणि ती अठ्ठावन्न सांगून मला चिडवायची. गेल्या दिवाळीनंतर तिचा आकडा उतरायला लागला. बावन्न. अठ्ठेचाळीस. चव्वेचाळीस. मला तर हेवाच वाटला! "शाब्बास गं! काय खातेस तरी काय?" मी विचारलं. "काही नाही वं. जिना चढताना दम लागते अन् मधातच चक्कर येते." मी लिहिलं, "वय झालं बाई. चालायला जात जा." एक्केचाळीस. अडतीस. शेवटच्या बुधवारी छत्तीस. मी टाळ्या वाजवणारे हात पाठवले आणि खाली लिहिलं, "अगदी जुन्या दिवसांसारखी झालीस!"

वीस वर्षं न पळालेल्या बाईचे ठोके छत्तीसवर येतात ते हृदय दमदार झाल्याने नव्हे, तर ते थकल्याने, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. भाजीवालीलासुद्धा कळलं असतं. आम्हालाच कळलं नाही, कारण कमी म्हणजे चांगलं हे आमच्या हाडात मुरलेलं. डॉक्टरांनी विलासला सांगितलं की हृदयातले संदेश पोचणं बंद होत गेलं असावं, वेळेत आली असती तर पेसमेकर बसवून निभावलं असतं. मग त्यांनी विचारलं, "नाडी मंदावतेय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?" विलास बिचारा नाही म्हणाला आणि नंतर मला भोळेपणाने ते सांगत बसला. माझ्या पर्समध्ये फोन होता, फोनमध्ये तिचा एकूण एक आकडा होता, आणि प्रत्येकाखाली माझं शाब्बास.

त्यानंतर मला झोप येईना. त्याच कुप्यांमधलं माझ्याही अंगात गेलेलं. पडल्या पडल्या मनगट धरायची, ठोका चुकला असं वाटून दचकून उठून बसायची. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. सगळ्या तपासण्या नीट आल्या. फाईल मिटता मिटता त्यांनी सहज विचारलं, "तरुणपणी खेळत होतात ना? तेव्हा काही औषधं, इंजेक्शनं?" आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नाही." पन्नाशीला आलेली बाई मी! पकडणारं कुणी नाही, पदक काढून घेणारं कुणी नाही, समोर माझाच जीव वाचवायला बसलेला माणूस. तरी नाहीच.

केतकी आली ती शोभा जाऊन तीन आठवडे झाल्यावर. केतकी ही शोभाची मुलगी, सतरा वर्षांची, तीन हजार मीटर पळते. आईसारखीच खांदे वर उचलून पळते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मावशी, एक विचारू? पुढच्या महिन्यात कॅम्प आहे. तिथले कोच म्हणतायत रिकव्हरीचं एक इंजेक्शन असतं, एकदम सेफ. सगळेच घेतात म्हणे. आई काय घ्यायची गं?" मी हातातला कप खाली ठेवला. सगळेच घेतात... अगदी तिच्या आईचं वाक्य! नाही हा शब्द माझ्या जिभेवर तयारच होता. तो गिळायला मला किती वेळ लागला, ते केतकीच सांगू शकेल.

मग सगळं सांगितलं. थर्मास, बर्फ, लोह, बाटल्या. बोलताना मला तिची भीती वाटत होती, सतरा वर्षांच्या पोरीची! तिने एकच विचारलं, "मग आई त्याच्यामुळे गेली?" मी म्हटलं, "माहीत नाही." "डॉक्टर काय म्हणाले?" "डॉक्टरांना मी सांगितलंच नाही." ती ज्या नजरेने माझ्याकडे बघत राहिली, ती नजर मी एकदा त्या बाटल्यांच्या खोलीत पाहिली होती. दुसऱ्याच दिवशी त्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन शोभाचं आणि माझं सगळं सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांनी छातीठोकपणे कुणीच काही सांगू शकणार नाही. त्या कुप्या असतील, इतकी वर्षं पळणं असेल, जन्मजात असेल. म्हणजे पुन्हा तेच, किती आणि कशाने, कुणालाच माहीत नाही. मी फोनमधले आकडे विलासलाही दाखवले. त्याने ते खालपर्यंत वाचले आणि फोन परत दिला. हे लिहू का असं विचारलं तेव्हा म्हणाला, "नावानिशी लिहा. केतकी वाचेल."

केतकी कॅम्पला गेली. इंजेक्शनला नकार दिलाय, कोच जरा नाराज आहेत, असं फोनवर म्हणाली. जाताना मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलं, रोज सकाळी आकडा पाठवायचा. आता माझा चहा गॅसवर तसाच उकळत राहतो. साडेसहा होतात, पावणेसात होतात, आणि माझ्याच छातीतले ठोके मला ऐकू येतात. मग फोन वाजतो. आज चोपन्न आले. शाब्बास मी आता लिहीत नाही. मी विचारते, "चक्कर? दम?" उत्तर येतं, "नाही." मग विचारते, "आणि काही घेतलंस?"

"नाही," असं ती लगेच लिहिते. आम्हीही लगेचच म्हणायचो.